हमामातली आंघोळ आणि ब्युरोची बाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत तुर्कस्तानच्या सहलीवर दोन पानं भरून मजकूर आला होता. कप्पादोकियाचे फुगे, निळी मशीद, बाजारातले रंगीत दिवे, सगळं नेटकं होतं. कोपऱ्यातली हमामवरची, म्हणजे तिथल्या सार्वजनिक न्हाणीघरांवरची, चौकट वाचली आणि मात्र पेन हातात घेतलं. वेळ उरलाच तर करायची ही एक चैन आहे, आणि आपल्याकडच्या बायकांना संकोच वाटत असेल तर त्यांनी सरळ हॉटेलातल्या स्पामध्ये जावं, असा त्या चौकटीचा सूर. मी महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. अंथरुणाला खिळलेल्या किती जणांची अंगं मी धुतली-पुसली असतील, त्याची मोजदाद नाही. तेव्हा आंघोळ या विषयावर बोलायचा मला थोडा हक्क आहे असं समजून हे पत्र छापावं. लांबलंय. कात्री लावायचीच तर सुलतानांच्या भागाला लावा, घरी आजाऱ्यांच्या सेवेला बाई पाठवणाऱ्या ब्युरोच्या भागाला लावू नका.

आधी त्या स्पाचं सांगते. मी आणि माझ्या थोरल्या नणंदबाई एका ग्रुप टूरबरोबर गेलो होतो. टूरवाल्यांचं नाव घेत नाही. माणसं वाईट नव्हती, रात्री वरणभात मिळत होता. पण छापील कार्यक्रमात ‘पारंपरिक टर्किश बाथ’ असं ठळक अक्षरात लिहून प्रत्यक्षात जे दाखवलं, ती हॉटेलच्या तळघरातली वाफेची खोली होती. बाथरूमच्या टाइल्स, छतात रंग बदलणारे दिवे, स्पीकरवर बासरी. एका मुलीने पाठीला सुगंधी तेल फासलं, टॉवेल गुंडाळला आणि वेळ संपली म्हणून घड्याळ दाखवलं. अंगाला पाणी लागलंच नाही. वन्सं बाहेर येऊन म्हणाल्या, ‘वहिनी, यापेक्षा गणेशपुरीची कुंडं बरी. माणूस निदान भिजतं तरी.’

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात चामड्याच्या कोटांचं दुकान होतं. तुर्कस्तानला टूरने जाऊन आलेल्या कोणालाही विचारा, हे दुकान सहसा चुकत नाही. मुली कोट घालून चालून दाखवतात, चहा पाजतात आणि मग भाव सांगतात. लालबागच्या उकाड्यात चामड्याचा कोट घालून मी जाणार कुठे, भाजी आणायला? पोट बिघडल्याचं सांगून आम्ही दोघी मागे राहिलो. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीला विचारलं, ‘तुझी आई कुठल्या हमामात जाते?’ ती आधी दचकली, मग हसली आणि कागदावर गल्लीचं नाव आणि बायकांची वेळ लिहून दिली. इस्तंबूलच्या एमिनोन्यू धक्क्यावरून बोटीने बॉस्फरसची सामुद्रधुनी ओलांडून आम्ही पलीकडच्या काठावर उस्कुदारला उतरलो.

बाहेरून बघाल तर ओळखू येणार नाही. अरुंद गल्ली, शेजारी चपला शिवणारा, आणि एका बुटक्या दगडी इमारतीवर घुमट, त्यात काचेचे फुगवटे बसवलेले. जुन्या मोठ्या हमामांत पुरुषांचा भाग वेगळा आणि बायकांचा वेगळा असतो. गल्लीतल्या लहान हमामात भाग एकच, म्हणून बायकांच्या वेळा वेगळ्या. आत शिरताच भिंतीवर दरपत्रक होतं. नुसतं आत बसायचे इतके, अंग घासून घ्यायचे इतके, साबणाचे वेगळे, मालिशचे वेगळे. काम काय आणि त्याचा दाम काय, हे उघड लिहिलेलं. मला ती जागा तिथेच आवडली.

वन्सं दारातच अडल्या. ‘सगळ्यांदेखत?’ एवढंच म्हणाल्या. तिथल्या बाईने दोघींच्या हातात चौकडीचं सुती वस्त्र ठेवलं. त्याला पेश्तेमाल म्हणतात, आपल्या पंच्याहून बरंच मोठं असतं. वन्संनी ते बाजूला ठेवलं, पडद्याआड जाऊन साडी सोडली आणि परकर छातीवर बांधून बाहेर आल्या. लहानपणी गावच्या नदीवर बायका अशाच न्हायच्या. कोणी हसलं नाही, कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. आत गेल्यावर दिसलं की जिने तिने आपल्या सोयीने लाज सांभाळली होती. कोणी पेश्तेमालात, कोणी आतल्या कपड्यांत. एक आजी नातीला घेऊन आली होती, ती तर कसल्याच भानगडीत पडली नव्हती. तुमच्या चौकटीतला संकोच हा असा पाच मिनिटांत मिटतो, त्यासाठी तळघरात जावं लागत नाही.

हमामचे तीन भाग. पहिला गार, कपडे बदलायचा आणि आंघोळीनंतर चहा पीत पडायचा. दुसरा कोमट, शरीराला सवय व्हावी म्हणून. तिसरा गरम. या गरम खोलीत मधोमध संगमरवराचा मोठा ओटा असतो. जुन्या पद्धतीत भिंतीपलीकडे भट्टी असते आणि तिची गरम हवा, धूर जमिनीखालच्या पोकळीतून खेळवून भिंतीतल्या नळ्यांनी वर सोडतात. त्यामुळे शेक खालून लागतो. हवा दमट असते, पण जीव कोंडत नाही. ओट्यावर उताणं पडलं की घुमटातल्या काचांतून उजेडाच्या तिरिपी येतात. पुरवण्यांतले फोटो नेहमी त्याचेच असतात. माझं लक्ष खाली, पाण्याकडे होतं.

भिंतीला लागून संगमरवरी कुंड्या आहेत, त्यांना कुरना म्हणतात. प्रत्येक कुंडीवर गरम-गार दोन नळ, आणि तळाला भोकच नाही. मनात आलं, मग घाण पाणी जातं कुठे? तर घाण पाणी कुंडीत पडतच नाही. नळ वाहता ठेवतात, कुंडी काठोकाठ भरून वाहत राहते. तिच्यात कोणी हात बुडवायचा नाही, साबण न्यायचा नाही. धातूच्या पसरट वाडग्याने पाणी उचलायचं, अंगावर घ्यायचं, आणि वापरलेलं पाणी फरशीवरून पन्हळीत जातं. साचलेल्या पाण्यात बसून अंग धुणं त्यांच्या रीतीत बसत नाही. वॉर्डात नव्या मुली आल्या की आम्ही पहिल्याच दिवशी घसा फोडून सांगायचो, स्वच्छ पाण्याचं भांडं वेगळं, मळक्याचं वेगळं. इथे तो नियम दगडातच घडवून ठेवलाय, ओरडायला सिस्टर लागत नाही.

मग माझी बाई आली. बायकांना आंघोळ घालणारीला नातिर म्हणतात, पुरुषांकडच्याला तेल्लाक. पन्नाशी ओलांडलेली, आडव्या बांध्याची, दंडावर देवीच्या लसीचा गोल वण. तो वण दिसला आणि मला शिकाऊ दिवसांतला धडा आठवला. मेरी वर्टली माँटेग्यू ही इंग्रज राजदूताची बायको. 1717 साली तिने तेव्हा तुर्की अमलाखाली असलेल्या सोफिया शहरातल्या बायकांच्या हमामचं वर्णन पत्रात लिहिलं, ते फार गाजलं. त्याच साली तिने आणखी एक पत्र लिहिलं. तुर्कस्तानातल्या म्हाताऱ्या बायका निरोगी मुलांना देवीचा सौम्य अंश टोचून त्यांना कशा वाचवतात, हे त्यात होतं. पुढे तिने स्वतःच्या मुलालाही तसं टोचून घेतलं. जेन्नरची देवीवरची लस यायला तेव्हा जवळपास ऐंशी वर्षं अवकाश होता. हमामचं पत्र चित्रकारांनी डोक्यावर घेतलं. दुसरं आमच्यासारख्यांच्या लक्षात राहिलं.

नातिरने मला भिजवलं, ओट्यावर पडायला सांगितलं आणि निघून गेली. पाव तास नुसता घाम येऊ द्यायचा. ही वाट बघणंही कामाचाच भाग आहे, कारण कातडी मऊ झाल्याशिवाय घासलं तर सालटं निघतात. परत आल्यावर तिने वाडग्यातलं पाणी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतलं. मग माझ्या पावलावर. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग गुडघ्यावर, मग खांद्यावर. डोक्यावर सगळ्यात शेवटी, आणि तेही माझ्या कपाळावर आपला तळहात आडवा धरून, डोळ्यांत थेंब जाऊ नये म्हणून. मी मनातल्या मनात तिला गुण देत होते. इथवर पैकीच्या पैकी.

मग तिने केसे चढवला. हा खरखरीत हातमोजा, ज्याचा त्याला वेगळा, आणि माझा तिने माझ्यासमोर पुडीतून काढला. यावेळी साबण नाही. बोटांकडून खांद्याकडे, घोट्याकडून मांडीकडे, लांब आणि सरळ हात. पुढचं वाक्य कोणी जेवताना वाचू नये. माझ्या दंडावरून करड्या शेवया वळून खाली पडत होत्या. रोज दोन वेळा साबण लावून आंघोळ करणारी बाई मी! तिने त्यातली एक उचलून माझ्या नाकासमोर धरली आणि मान डोलावली, म्हणजे बघ, किती वर्षांचं साठलंय. टाचेवर तिचा जोर वेगळा, मानेमागे वेगळा. पोटरीवर माझ्या शिरा फुगलेल्या आहेत. त्या दिसताच तिचा हात थांबला, केसे काढून ठेवला आणि तिथे तिने नुसता ओला तळवा फिरवला. मी काही बोलले नव्हते. आमच्याकडे एवढ्याचे परीक्षेत गुण असतात.

साबणाचं त्यानंतर. एक झिरझिरीत कापडी पिशवी साबणाच्या पाण्यात बुडवून ती हवेत फिरवून फुगवते आणि वरून खाली पिळत आणते. त्यातून फेसाचा एवढा ढीग पडतो की आपण कुठे संपतो ते दिसत नाही. त्या फेसातच मालिश. इथे मी तिचा एक गुण कापला. माझा उजवा खांदा आखडलेला आहे, हात पुरता वर जात नाही. तिने तो एकदम उचलला आणि मी मराठीत ओरडले. पुन्हा त्या बाजूला आली तेव्हा तिने कोपराखाली हात देऊन तो जिथवर आपणहून गेला तिथवरच नेला. म्हणजे अर्धा गुण परत दिला. एक गुण मात्र मालकाचा कापला आहे आणि तो परत मिळणार नाही. ओल्या संगमरवरावर धरायला कुठेही कठडा नाही. पूर्वी बायका उंच लाकडी खडावा घालून चालत म्हणे, आता प्लास्टिकच्या सपाता देतात. खुब्याचं हाड मोडायला दोन्ही सारखेच.

वन्सं एव्हाना कुंडीपाशी अंग चोरून बसल्या होत्या. त्यांच्या उजव्या हातात पाटल्या आहेत. सांधे जाड झाल्यापासून त्या उतरत नव्हत्या, सोनाराकडून कापूनच घ्यायच्या असं चाललं होतं. गरम खोलीत सोनं तापतं आणि केसेच्या वाटेतही येतं. नातिरने काही न बोलता त्यांचा तळहात हातात घेतला, अंगठा हलकेच आत दुमडला, मनगटावर फेस घातला आणि एकेक पाटली फिरवत फिरवत सोडवली. घाई नाही, ओढाताण नाही. मग दोन्ही पाटल्या वन्संच्याच डाव्या मुठीत ठेवल्या, ती मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली आणि सगळ्या बायकांना दिसेल अशी उंच धरली. भाषा न कळणाऱ्या म्हाताऱ्या बाईला, तुझं सोनं तुझ्याकडेच आहे आणि याला इतक्या जणी साक्षीदार आहेत, हे सांगायची याहून चांगली रीत मला सुचली नसती. वन्संनी परकराची गाठ आपणहून सैल केली. पुढचा पाऊण तास त्या माझ्याशी बोलल्यासुद्धा नाहीत.

बाहेर गार खोलीत चहा पिताना नातीवाल्या आजीची सून दुभाषी झाली. तिच्याकरवी मी नातिरला विचारलं, हे कुठे शिकलीस? आईच्या हाताखाली, म्हणाली. आधी काही वर्षं फक्त पाणी भरून द्यायचं आणि बघायचं. मग पाय, मग पाठ. केस आणि चेहरा सगळ्यात शेवटी मिळाले. आमचं वॉर्डातलं शिक्षण याच क्रमाने झालं, फक्त आम्हाला वर पुस्तकं होती.

आता सुलतान. गाइडने आम्हाला चेंबरलिताशचा हमाम बाहेरून दाखवला. 1584 चं बांधकाम, वास्तुकार मिमार सिनान, बांधवून घेणारी नूरबानू सुलतान, म्हणजे दुसऱ्या सेलीमची बेगम आणि तिसऱ्या मुरादची आई. गाइड घुमटाबद्दल बोलत होता. मला वेगळीच गोष्ट लागली. नूरबानूने उस्कुदारला आतिक वालिदे नावाचा मोठा धर्मादाय परिसर उभारला होता. त्यात मशीद, मदरसा, गोरगरिबांसाठी स्वयंपाकघर आणि एक रुग्णालय होतं, आणि त्याच्या खर्चासाठी या हमामचं उत्पन्न लावून दिलं होतं. आंघोळीच्या पैशावर दवाखाना! इकडच्या काठावर लोक अंग घासून घेत होते आणि त्यातून पलीकडच्या काठावर आजारी माणसांची सोय होत होती. पुढे एकोणिसाव्या शतकात रस्ता रुंद करताना या हमामची पाडापाडी झाली, ती बायकांच्या बाजूची. रस्तारुंदीत कोणाचं काय जातं, हे मुंबईकराला सांगायला नको.

आणि एक. 1730 साली इस्तंबूलमध्ये मोठा उठाव झाला आणि तिसऱ्या अहमद सुलतानाला गादी सोडावी लागली. उठावाचा म्होरक्या पात्रोना हलील हा हमामातला तेल्लाक होता असं सांगतात. त्या उठावामुळे गादीवर बसलेल्या पहिल्या महमूदने 1741 मध्ये जाआलोलूचा प्रसिद्ध हमाम बांधला. हमामं पाणी आणि लाकूड इतकं खात की 1768 मध्ये शहरात नवीन मोठा हमाम बांधायला बंदीच घालावी लागली. चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना ‘ए, इकडे ये’ म्हणणाऱ्या साहेबांनी 1730 ची गोष्ट तरी लक्षात ठेवावी. आपल्या फोर्टातही शेअर बाजाराला लागून हमाम स्ट्रीट आहे. पाटीवर आता अंबालाल दोशी मार्ग लिहिलेलं असतं आणि लोक तिथे निराळ्या कारणाने घामाघूम होतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. लालबाग-परळच्या चाळी पडल्या, टॉवर उभे राहिले. टॉवरमधल्या बऱ्याच घरांत आज एक खाट अशी आहे, जिच्यावरचं माणूस स्वतः उठून बाथरूमपर्यंत जाऊ शकत नाही. मुलगा-सून कामावर. मग ब्युरोला फोन होतो आणि ब्युरो बारा तासांची बाई पाठवतो. माझ्या जाऊबाईंना पक्षाघात झाला तेव्हा अशीच एक मुलगी आली. कसाऱ्याहून पहाटेची लोकल पकडून यायची. हसतमुख, वेळेची पक्की. पहिल्या सकाळी तिने स्पंज कसा दिला ते मी दारात उभी राहून पाहिलं. पंखा गरगरत होता. खोलीचं दार उघडं. जाऊबाईंच्या अंगावरचे सगळे कपडे एकदम काढलेले. एक बादली, एक नॅपकिन. आधी पाय, मग माकडहाडाकडची जागा, आणि मग तोच नॅपकिन त्याच पाण्यात पिळून तोंडावर. जाऊबाईंना बोलता येत नव्हतं. डोळे मात्र त्यांनी घट्ट मिटून घेतले होते.

त्या मुलीवर मी रागावले नाही. ‘तुला हे कोणी शिकवलं गं?’ असं विचारलं, तर म्हणाली, ‘ताई, फॉर्म भरला, आधार कार्ड दिलं, दुसऱ्या दिवशी ड्यूटी लागली.’ मग ब्युरोला फोन केला. पलीकडून उत्तर आलं, ‘अहो मॅडम, आंघोळ काय कोणीही घालतं. त्यात शिकवायचं काय?’

काय शिकवायचं ते सांगते. पंखा बंद, दार बंद. दोन भांडी, दोन कापडं, तोंडाचं वेगळं आणि खालचं वेगळं. पाणी आपल्या मनगटावर बघायचं, पेशंटच्या लुळ्या बाजूवर कधीच नाही, कारण तिथे चटका बसला तरी तिला कळत नाही. अंगावर चादर असू द्यायची आणि धुवायचा तेवढाच भाग उघडा करायचा. तो पुसून झाकला की मग पुढचा. डोळे नाकाकडून कानाकडे पुसायचे. कपडे काढताना चांगला हात आधी, घालताना लुळा हात आधी. कुशीवर वळवलं की माकडहाड, टाचा आणि कोपरं नीट उजेडात बघायची. लाली दिसली तर बोटाने दाबायचं. दाबून लाली जात नसेल तर बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, सुरू झालाय, घरच्यांना लगेच सांगायचं, आणि त्या लालीवर चोळायचं तर अजिबात नाही. पाणी गार किंवा गढूळ झालं की बदलायचं, मग अर्धी आंघोळ बाकी असो की पाव. आणि हे सगळं करताना बोलत राहायचं, ‘काकू, आता डावा पाय घेते हं,’ समोरून उत्तर येवो न येवो. त्या कसाऱ्याच्या मुलीला मी हे आमच्याच घरात शिकवलं. आठवडाभरात ती माझ्यापेक्षा हलक्या हाताने करायला लागली. जाऊबाई स्पंजच्या वेळी डोळे उघडे ठेवू लागल्या.

सरकारच्या कौशल्य विकासाच्या यादीत ‘होम हेल्थ एड’ असा अभ्यासक्रम आहे. बाई ठेवताना, तुझ्याकडे त्याचं प्रमाणपत्र आहे का, असं विचारणारं घर मला अजून भेटलेलं नाही. आपण विचारतो, ‘दिवसाचे किती?’ आणि जे देतो त्यातले तिच्या हातात किती पडतात, तेही विचारत नाही. उस्कुदारच्या गल्लीतल्या हमामात भिंतीवर दरपत्रक लावता येतं, तर दादर-परळच्या ब्युरोत का नाही? स्पंजचे इतके, केस धुण्याचे इतके, रात्रपाळीचे इतके, ब्युरोची दलाली इतकी. एकदा काम सुटं लिहिलं की ते येतं की नाही हा प्रश्नही आपोआप निघेल. आपल्या वर्तमानपत्राने चार ब्युरोंत बातमीदार पाठवून फक्त एवढंच विचारावं की आंघोळ घालायला तुम्ही किती तास शिकवता. उत्तरं छापा, बाकी काही लिहू नका.

पर्यटनाच्या चौकटीसाठीही थोडा मजकूर फुकट देते, पुढच्या वेळी घाला. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर गरम ओट्यावरून झटकन उठू नये, आधी बसावं, मग उभं राहावं. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात, दाब खाली येतो आणि चक्कर येते. हृदयविकार असेल किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. जुना मधुमेह असून पायाला मुंग्या, बधिरपणा असेल तर तापलेल्या दगडावर पाय टेकू नयेत, भाजल्याचं कळत नाही. भरल्या पोटी जाऊ नये, पाणी भरपूर प्यावं. आदल्या दिवशी वॅक्सिंग केलेलं असेल तर केसेच्या वाटेला जाऊ नये, नाहीतर तुर्कस्तानभर ऐकू जाईल. मंगळसूत्र, कानातलं हॉटेलातल्या तिजोरीत ठेवावं. लाज वाटली तर परकर चालतो, वन्संनी सिद्ध केलंय. आणि निघताना नातिरच्या हातात बक्षिसी द्यावी, काउंटरवर नव्हे.

ज्यांच्या घरी असं अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, किंवा ज्या मुली ब्युरोतर्फे काम करतात, त्यांना ही आंघोळ शिकायची असेल तर आमच्या इमारतीच्या मंडळाने रविवारी सकाळी हॉल द्यायचं कबूल केलंय. पैसे नाहीत, प्रमाणपत्र नाही. नावं आपल्या कार्यालयात दिलीत तर मी तिथून घेईन. येताना प्रत्येकीने एक बादली, दोन तांबे, दोन पंचे आणि एक चादर आणावी. शिकण्यासाठी जिवंत पेशंट म्हणून वन्सं तयार आहेत, मात्र पाणी त्या आधी स्वतः बघणार, आणि ज्या मुलीने ते आपल्या मनगटावर न बघता पुढे केलं, तिला त्या परत पाठवणार असं त्यांनी आत्ताच बजावून ठेवलंय.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
लालबाग, मुंबई